क्रिएटिन जिमच्या आधी, नंतर, की शिफ्ट बघून?

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे. आयटीआय करून चाकणजवळ म्हाळुंग्याच्या एका कंपनीत लागलो. खराबवाडीत आम्ही तिघं मित्र खोली घेऊन राहतो. शिफ्ट दर आठवड्याला बदलते : फर्स्ट, सेकंड, नाईट. सहा महिन्यांपासून जिम लावली आहे, वजन ६२ किलो. ट्रेनर म्हणतो, क्रिएटिन सुरू कर, पण व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत घे, नाहीतर फुकट जातं. एक रूममेट म्हणतो, ते व्यायामाच्या आधीच घ्यायचं असतं, तेव्हाच ताकद येते. दुसरा म्हणतो, सुट्टीच्या दिवशी घेऊ नको, किडनीला आराम दे. फर्स्ट शिफ्टला माझी जिम संध्याकाळी होते, सेकंडला सकाळी, आणि नाईटला कधी होते, कधी नाही. मग मी ते नक्की कधी घ्यायचं? – एक वाचक, चाकण

उत्तर : उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट, कुठल्याही एका जेवणाबरोबर घ्या. जिम झाली त्या दिवशीही घ्या आणि वीकली ऑफला लोळत पडलात तरी घ्या. अर्धा तास उलटला म्हणून ते फुकट जात नाही. आठवड्यातले चार-चार दिवस विसरलात, तर मात्र जातं.

आता कारण. जड वजन उचलताना स्नायूंना लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. स्नायूत त्याचा साठा जेमतेम काही सेकंदांचा असतो. तो संपत आला की फॉस्फोक्रिएटिन पुढे येतं आणि वापरलेल्या एटीपीला पुन्हा कामाला लावतं. पूर्ण जोर लावला तर ही सोय साधारण दहा सेकंद पुरते. तुमच्या सेटमधले शेवटचे दोन-तीन रेप्स जिथे अडतात, ती हीच जागा. दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं थांबलात की हा साठा बराचसा पुन्हा भरतो. क्रिएटिन घेतल्याने हा साठा वाढतो, एखादा रेप जास्त निघतो, पुढचा सेट कमी पडत नाही. महिनोन्‌महिने असे जास्तीचे रेप्स साठत गेले की त्यातून ताकद आणि स्नायू वाढतात. पूड पोटात गेल्यावर लगेच हातात जोर येतो, असं काही घडत नाही. त्यामुळे ‘आधी घेतलं तरच ताकद येते’ हे तुमच्या रूममेटचं म्हणणं इथेच गळून पडतं.

साधारण ७० किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. रोज त्यातलं जवळपास २ ग्रॅम क्रिएटिनिन बनून लघवीवाटे निघून जातं. तितकीच भर रोज पडते : निम्मी यकृत आणि मूत्रपिंडं मिळून तयार करतात, निम्मी मांस-मासे खाणाऱ्याला ताटातून मिळते. एवढ्या भरीवर स्नायूंची जागा ६० ते ८० टक्केच भरलेली राहते. उरलेली जागा भरणं एवढंच या पुडीचं काम. एक दिवसाआड पाण्याची सवय झालेल्या पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको. नळ सोडताना टाकी सकाळी सहाला भरली होती की आठला, याने धार बदलत नाही. टाकी भरलेली आहे ना, एवढंच बघायचं.

ही जागा किती दिवसांत भरते, याचा हिशेब जुना आहे. रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५-५ ग्रॅम दिवसातून चार ते सहा वेळा दिलं की काही दिवसांतच स्नायूतलं क्रिएटिन वाढतं. तिथून ‘लोडिंग’ची पद्धत आली. त्याच वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर क्रिएटिन खेळाडूंच्या तोंडी झालं. पण १९९६ मध्ये स्वीडनच्या एरिक हुल्टमान यांच्या गटाने घाईची गरजच काढून टाकली. एका गटाला रोज २० ग्रॅम, सहा दिवस दिलं. दुसऱ्याला रोज फक्त ३ ग्रॅम, २८ दिवस. शेवटी दोन्हीकडे साठा सारखाच, सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला निघाला. एकदा भरल्यावर तो टिकवायला रोजचे २ ग्रॅमही पुरले. आणि घेणं बंद केलं तर साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. जो साठा ओसरायला महिना लागतो, तो अर्ध्या तासाच्या उशिराने कुठे जाणार?

मग ट्रेनरने हे आणलं कुठून? अगदीच हवेतून नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्रिब आणि हेस यांनी काही बॉडीबिल्डरना व्यायामाच्या अगदी आधी आणि अगदी नंतर पूरक आहार दिला, इतरांना तोच आहार सकाळी आणि रात्री. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाची ताकद आणि स्नायू जास्त वाढले. पण त्या पुडीत क्रिएटिनसोबत भरपूर प्रोटीन आणि साखर होती. श्रेय कोणाला द्यायचं हे त्यावरून ठरत नाही.

फक्त क्रिएटिन घेऊन वेळेची परीक्षा २०१३ मध्ये झाली. फ्लोरिडातल्या अँटोनियो आणि सिकोन यांनी हौशी व्यायाम करणाऱ्या १९ तरुणांना चार आठवडे रोज ५ ग्रॅम दिलं, काहींना व्यायामाआधी, काहींना नंतर. नंतर घेणाऱ्यांचे आकडे किंचित पुढे होते, पण इतके किंचित की तो योगायोग नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. जगभरच्या जिममध्ये ‘नंतरच घ्या’ म्हणून जो आग्रह चालतो, त्याचं बरंचसं भांडवल हा १९ जणांचा, चार आठवड्यांचा प्रयोग आहे. पुढे कॅनडात पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांवर ३२ आठवड्यांचा प्रयोग झाला. नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. आधी घेतलं की नंतर, याने ताकदीत फरक पडला नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडू मुला-मुलींवर आठ आठवडे हेच करून पाहिलं, तिथेही आधी-नंतर सारखंच निघालं.

एक गोष्ट ट्रेनरच्या बाजूने सांगायला हवी. ज्या स्नायूंना व्यायाम झालेला असतो ते क्रिएटिन थोडं जास्त ओढून घेतात, हे हॅरिस यांच्याच कामात एका पायाला व्यायाम देऊन, दुसऱ्याला न देता दिसलं होतं. भात-पोळीसारख्या पिष्टमय जेवणाबरोबर आणि प्रोटीनबरोबरही ते जास्त शोषलं जातं. म्हणून ज्या दिवशी जिमहून येऊन जेवणार असाल, त्या दिवशी त्या जेवणाबरोबर घेणं सोयीचंही आहे आणि तोट्याचंही नाही. पण ही वरची पाच पैशांची गोष्ट आहे. रुपया रोज घेण्यात आहे.

आता तुमच्या शिफ्टचं. घड्याळाची वेळ ठरवलीत तर तिसऱ्या आठवड्यात गणित बिघडणार. म्हणून वेळ ठरवू नका, जेवण ठरवा. रोज खोलीवर होणारं एक जेवण पकडा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते रात्रीचं असेल, सेकंडला कामावर निघण्याआधीचं दुपारचं, नाईटला झोपून उठल्यावरचं. पुडीचा डबा त्या जेवणाच्या भांड्यांशेजारी ठेवा. कंपनीत न्यायची गरज नाही. पांढरी पूड काय आहे हे गेटवरच्या सिक्युरिटीला समजावत बसावं लागणार नाही. शिफ्ट बदलताना दोन वेळांमधलं अंतर कधी पंधरा तास होईल, कधी तीस. चालतं. एखादा दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी नेहमीएवढंच घ्या, दुप्पट नको.

सुट्टीला बंद ठेवण्याने किडनीला कसला आराम मिळत नाही. किडनीचा मुद्दा वेगळा आहे, तो पुढे आलाच आहे. वीकली ऑफला स्नायू भरून येत असतात, त्या दिवशीही घ्यावं.

वेळ खरोखर जपायची असेल तर ती जिमची आणि झोपेची जपा. रात्रभर लाईनवर उभं राहून सकाळी थेट जिमला जाऊन स्क्वॉट मारणं टाळा. झोप न झालेल्या अंगाने वजन निसटतं, पाठ धरते. नाईटच्या आठवड्यात आधी झोपा, दुपारी उठून जेवा, चार-पाचच्या सुमारास व्यायाम करा आणि मग ड्यूटीला निघा. त्या आठवड्यात चारऐवजी दोनच दिवस जमले तरी बिघडत नाही. ओटी लागला असेल तर जिम सोडा, झोप सोडू नका.

प्रश्न : नाईट शिफ्टला क्रिएटिन घेतलं तर झोप येत नाही, डोकं तरतरीत राहतं असं व्हिडिओत पाहिलं. खरं आहे का? – निघोजे

उत्तर : क्रिएटिन मेंदूतही असतं आणि तिथेही ऊर्जेचं तेच काम करतं, त्यामुळे हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला आहे. जर्मनीत युलिश इथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये १५ जणांना रात्रभर जागं ठेवलं आणि किलोमागे ०.३५ ग्रॅम क्रिएटिन एकदम दिलं. विचार करण्याचा वेग आणि स्मरणाच्या चाचण्यांत ते घेतलेल्यांची घसरण कमी होती. पण हिशेब करा : ६० किलोच्या माणसाला हे एका वेळी २१ ग्रॅम होतं. एवढं एकदम घेतलं तर पोट बिघडायची शक्यता जास्त, आणि प्रेस शॉपमध्ये रात्री दोन वाजता पोट बिघडणं परवडत नाही. शिवाय ही एका रात्रीची, पंधरा जणांची गोष्ट आहे. मशीनवर हात घालणाऱ्याने तिच्या भरवशावर झोप कमी करू नये.

झोप उडण्याचं म्हणाल, तर क्रिएटिन हे चहा-कॉफीसारखं उत्तेजक नाही. रात्री घेतलं म्हणून झोप जात नाही. ज्या ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणात क्रिएटिनसोबत कॅफिन असतं, ते संध्याकाळी घेतलं तर झोप नक्की जाते. डब्यावरची यादी वाचा.

प्रश्न : आमचं घर माळकरी. आळंदीची वारी चुकत नाही. क्रिएटिन मांसापासून काढतात असं ऐकलं. मुलाने घ्यावं का? – चऱ्होली

उत्तर : क्रिएटिन पहिल्यांदा सापडलं ते मांसाच्या रसातच, १८३२ मध्ये, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांना. आज डब्यात मिळतं ते मात्र कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनवलेलं असतं. त्यात प्राण्याचा अंश नसतो. कॅप्सूल घेत असाल तर तिचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. म्हणून साधी पूडच घ्या आणि डब्यावर हिरव्या ठिपक्याचं चिन्ह बघा.

उलट शाकाहारी घरातल्या तरुणाला याचा उपयोग जास्त दिसण्याची शक्यता असते. कच्च्या मटणात किंवा मासळीत किलोमागे ४-५ ग्रॅम क्रिएटिन असतं, दुधात नावापुरतं, आणि डाळ-भाजी-भाकरीत जवळपास नाहीच. शरीर स्वतः बनवतं तेवढ्यावर शाकाहारी माणसाचं भागतं. ही काही कमतरता किंवा आजार नव्हे. पण त्याच्या स्नायूंतला साठा मांसाहारी माणसापेक्षा कमी असतो, म्हणून भरायला जागा जास्त उरते. २००३ मध्ये कॅनडात शाकाहारी आणि मांसाहारी स्त्री-पुरुषांना आठ आठवडे वजनाच्या व्यायामासोबत क्रिएटिन दिलं, तेव्हा शाकाहाऱ्यांच्या स्नायूंची वाढ जास्त झाली.

मात्र त्याआधी मुलाचं ताट बघा. वजनाचा व्यायाम करणाऱ्या ६० किलोच्या मुलाला दिवसाला ९०-९५ ग्रॅम प्रोटीन हवं असतं. मेसच्या पातळ वरणातून ते मिळत नाही. शंभर ग्रॅम सोयाबीन वडीत ५० ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन असतं. फुटाणे, मटकीची उसळ, दही, दूध हे रोजचं झालं की मगच पुडीकडे वळा. मुलगा १८ च्या आत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

प्रश्न : कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं आलं. मी चार महिने क्रिएटिन घेतोय. किडनी गेली का? – भोसरी एमआयडीसी

उत्तर : घाबरू नका, पण रिपोर्ट कपाटातही टाकू नका. क्रिएटिनचं शेवटचं रूप क्रिएटिनिन. साठा वाढला की रोज तयार होणारं क्रिएटिनिनही थोडं वाढतं आणि रक्तात दिसतं. स्नायू जास्त असले, आदल्या दिवशी जोरात व्यायाम झाला किंवा भरपूर मटण खाल्लं, तरी तो आकडा वर जातो. प्रयोगशाळा त्याच आकड्यावरून किडनीचं काम किती टक्के चालतं याचं गणित मांडते, त्यामुळे ते गणितही कमी दाखवतं. निरोगी तरुणांमध्ये शिफारशीच्या मात्रेत क्रिएटिन घेतल्याने किडनी खराब होते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडा पोषण संस्थेने २०१७ च्या भूमिकापत्रात हेच मांडलं आहे.

तरी तो वाढलेला आकडा क्रिएटिनमुळेच, हे स्वतः ठरवू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी इतके ग्रॅम, इतके दिवस घेतो. ते काही आठवडे बंद करायला सांगून पुन्हा तपासतील, लघवीतलं प्रोटीन बघतील किंवा सिस्टॅटिन-सी ही चाचणी सांगतील. स्नायूंमुळे ती फारशी वर-खाली होत नाही. ज्यांना किडनीचा आजार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, घरात किडनीच्या आजाराचा इतिहास आहे, किंवा जे अंगदुखीवर रोज वेदनाशामक गोळ्या घेतात, त्यांनी तपासणी केल्याशिवाय सुरूच करू नये. मेडिकलला जाताना आदल्या दिवशी जड व्यायाम टाळा.

प्रश्न : मी मॅटवर कुस्ती खेळतो. वस्ताद म्हणतात, स्पर्धेच्या आधी आठवडाभर क्रिएटिन मारलं की जोर वाढतो. बंदी आहे का? – भोसरी

उत्तर : कारखाने येण्याआधीपासून पैलवानांचं गाव म्हणून ओळख असलेल्या भोसरीतून हा प्रश्न आला याचा आनंद आहे. कारण वेळेला खरी किंमत आहे ती तुमच्याच खेळात. लोडिंग केलं की पहिल्या आठवड्यात स्नायूंमध्ये पाणी शिरतं आणि वजन एक-दोन किलोने वाढतं. बॉडीबिल्डरला त्याचं काही नाही. ७४ किलो गटात उतरणाऱ्या पैलवानाचा काटा मात्र वजनाच्या सकाळी ७५ वर थांबला, तर सगळी मेहनत तिथेच संपते. मग ते पाणी काढायला जॅकेट घालून पळणं, जेवण-पाणी तोडणं सुरू होतं आणि क्रिएटिनने दिलेला जोर त्यातच निघून जातो.

म्हणून स्पर्धेच्या तोंडावर सुरू करू नका. सुरू करायचं तर स्पर्धा नसतील त्या महिन्यांत, रोज ३ ग्रॅमने, लोडिंग न करता. महिनाभरात वजन कुठे स्थिरावतं बघा आणि त्यावरून गट ठरवा.

क्रिएटिन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत नाही. धोका आहे तो भेसळीचा. डब्यात नाव क्रिएटिनचं आणि आत दुसरंच उत्तेजक निघालं, तरी नमुना तुमचाच सदोष ठरतो. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने बॅचनिहाय तपासणीचं प्रमाणपत्र असलेलंच उत्पादन घ्यावं.

प्रश्न : मुलींनी घेतलं तर चालतं का? अंग पुरुषी होतं म्हणतात. – मोशी

उत्तर : चालतं, आणि अंग पुरुषी होत नाही. क्रिएटिन हे हार्मोन नाही, स्टेरॉइड नाही. मात्रा तीच, ३ ते ५ ग्रॅम. मुलींच्या रोजच्या जेवणातून ते बहुधा कमीच मिळतं. सुरुवातीला काटा थोडा वर सरकेल, ते चरबी वाढल्यामुळे नाही, स्नायूंतल्या पाण्यामुळे. गर्भवती असाल किंवा बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको.

प्रश्न : केस गळतात का? – रावेत

उत्तर : ही भीती एका प्रयोगातून आली. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या २० रग्बी खेळाडूंना तीन आठवडे क्रिएटिन दिलं, तेव्हा टक्कल पडण्याशी संबंध असलेला डीएचटी हा हार्मोन वाढलेला दिसला. केस मात्र कोणी तपासलेच नव्हते. २०२५ मध्ये तरुण पुरुषांवर बारा आठवडे, रोज ५ ग्रॅम देऊन केसही तपासले. क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. वडिलांना, मामांना लवकर टक्कल पडलं असेल तर कारण तिथे शोधा.

प्रश्न : चहात टाकून घेतलं तर? आणि सकाळी बाटलीत विरघळवून ठेवून संध्याकाळी प्यायलं तर? – चिंचवड

उत्तर : चहात चालेल. कोमट पाण्यात ते उलट लवकर विरघळतं. १९९६ मध्ये बेल्जियममधल्या एका प्रयोगात जास्त कॅफिनने क्रिएटिनचा फायदा दाबला गेल्याचं दिसलं होतं, पण कॅफिन तिथे किलोमागे ५ मिलिग्रॅम होतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकदम ३०० मिलिग्रॅम. दोन कटिंगमध्ये एवढं नसतं.

बाटलीत भरून ठेवणं मात्र टाळा. कोरडी पूड डब्यात वर्षानुवर्षं टिकते. पाण्यात मिसळली की हळूहळू तिचं निरुपयोगी क्रिएटिनिन होऊ लागतं, लिंबू सरबतासारख्या आंबट पाण्यात आणि उन्हात तापलेल्या डिकीत आणखी लवकर. कालवा आणि प्या. तळाशी थोडी रवाळ पूड राहिली तर पाणी घालून तीही पिऊन टाका.

प्रश्न : कुठलं घ्यायचं? दुकानात दहा प्रकार आणि दहा भाव. – तळेगाव चौक, चाकण

उत्तर : साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट. बहुतेक सगळे प्रयोग त्याच्यावरच झाले आहेत आणि तेच सगळ्यांत स्वस्त असतं. हायड्रोक्लोराइड, एथिल एस्टर, पातळ क्रिएटिन अशा महाग प्रकारांनी त्याच्यापेक्षा जास्त काम केल्याचं दिसलेलं नाही. एथिल एस्टर तर पोटात लवकर मोडतं. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत बघा, सील तपासा, पक्कं बिल घ्या. ट्रेनरच्या बॅगेतून सुट्या पाकिटात येणारा माल घेऊ नका. १०० ग्रॅमचा डबा रोज ३ ग्रॅमने महिनाभर पुरतो. तीन किलोचा मोठा डबा घेण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि शेवटचं, जे कुणी विचारलं नाही पण सांगायला हवं. पुणे परिसरातल्या काही जिमभोवती मेफेंटरमाईनची इंजेक्शनं चोरून विकली जातात आणि पोलिसांनी अशा विक्रेत्यांना पकडलंही आहे. हे भूल दिल्यावर खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी डॉक्टर वापरतात ते औषध आहे. ‘स्टॅमिना वाढतो’ म्हणून ते टोचून घेणारा आपल्या हृदयाशी खेळतो. क्रिएटिनचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण दोन्ही वस्तू एकाच माणसाकडून मिळत असतील तर त्या माणसाकडून क्रिएटिनही घेऊ नका, आणि इंजेक्शनबद्दल पोलिसांना किंवा अन्न व औषध प्रशासनाला कळवा.